ब्रोक यांची अर्धी चाल

सेव्हेरिन ब्रोक यांच्या उजव्या गालाची दाढी झाली होती, डाव्या गालावर साबण तसाच होता, आणि नेमकी त्याच वेळी स्वयंपाकघरातून कुणीतरी त्यांचीच चाल गुणगुणताना त्यांना ऐकू आलं. आपलं मूल आणि आपली चाल गर्दीतही ओळखू येते म्हणतात. ब्रोकना मूल नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल त्यांना काही सांगता आलं नसतं, पण चालीबद्दल शंकेला जागाच नव्हती. वस्तरा हातात धरून ते तसेच उभे राहिले. गुणगुणणारी व्यक्ती हेरिंग मासे साफ करत असावी, कारण मधूनमधून सुरी फळीवर आपटत होती आणि ती बरोबर समेवर आपटत होती. ब्रोक यांच्या पुष्कळ रचना छापून झाल्या होत्या. त्यांतली एखादी मोलकरणीच्या तोंडी आली असती तर ते अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर धावत गेले असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावून ऐकवली असती, इतकी ती दुर्मिळ गोष्ट होती. पण ही चाल छापलेली नव्हती. ही त्यांनी जन्मभर कुणाला ऐकवली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. आता साठीच्या निमित्ताने राजधानी ख्रिस्तियानियातल्या लॉज नावाच्या मोठ्या सभागृहात त्यांची नवी सिम्फनी व्हायची होती आणि तिच्या तिसऱ्या भागात ती पहिल्यांदाच चारचौघांत येणार होती. वादकांनी ती तालमीत वाजवली होती खरी, पण वादक म्हणजे पोटार्थी माणसं. तालमीतून सुटल्यावर बिअरखेरीज दुसरं काही त्यांच्या ओठांना लागत नाही. मग माशांच्या फळीवर ही पोचली कशी?

ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. बेर्गित ही नवी मोलकरीण. तेलेमार्क या डोंगराळ मुलखातल्या कुठल्याशा वरच्या दरीतून याच आठवड्यात आली होती. ती त्यांना बघून दचकली.

"चुकलं का काही? बाईसाहेब म्हणाल्या होत्या, तू दाढी करताना..." तिने जीभ चावली. "तुम्ही दाढी करताना आवाज करायचा नाही म्हणून."

त्या दरीतली माणसं राजा समोर आला तरी त्याला अरे-तुरे करतात. बेर्गितच्या तोंडी 'तुम्ही' बसवण्यात याकोबिनेबाईंचे सगळे दिवस चालले होते.

"ही चाल कुठली?"

"आमच्याकडची. ग्रीमची."

"कोण ग्रीम?"

पाद्री म्हणजे कोण असं विचारणाऱ्या माणसाकडे बघावं तसं तिने बघितलं. "धबधब्यातला. पाण्याखाली बसून फिडल वाजवतो तो. तुमच्या इथं नाही?"

"आमच्या इथं पाणी नळाला येतं," शेजारच्या खोलीतून याकोबिनेबाई म्हणाल्या.

बेर्गितला हा विनोद कळला नाही. तिने गंभीरपणे हात पुसले आणि सांगायला सुरुवात केली. तिचा आज्जा तोर्केल दरीतला फिडलवाला, लग्नांत हीच चाल वाजवणारा. त्याच्या तरुणपणी, बेर्गितची आई पाळण्यात होती तेव्हा, एका गुरुवारी संध्याकाळी तो धबधब्याजवळून चालला होता. तिथल्या पाणचक्कीत त्या दिवसांत दळण नव्हतं, आत माणूस असायचं काही कारण नव्हतं, आणि तरी आतून ही चाल येत होती. आज्ज्याच्या अंगावर काटा उभा राहिला. त्याने लगेच ओळखलं की हा माणसाचा हात नव्हे. असं वाजवणं माणसाच्या बापाला जमायचं नाही.

ब्रोकच्या छातीत काहीतरी फुलून वर आलं. साबण डाव्या गालावर वाळून ओढ देत होता तरी ते हसले. ख्रिस्तियानियातल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्याबद्दल अनेक मतं छापली होती, पण माणसाच्या बापाला जमायचं नाही असं कुणी म्हटल्याचं त्यांना आठवेना.

"मग आज्जा घरी पळाला," बेर्गित म्हणाली. "गुरुवारी ग्रीम भेटला तर त्याला मांस द्यावं लागतं. त्याशिवाय तो शिकवत नाही. आज्ज्यानं खारवलेल्या मेंढीची तंगडी आणली आणि चक्कीच्या दारात ठेवली. तोंड फिरवून ठेवायची असते, त्याच्याकडं बघायचं नसतं. सकाळी जाऊन बघतो तर नुसतं हाड. असं साफ, की कुत्र्यानंसुद्धा वास घेऊन सोडून दिलं."

शेजारच्या खोलीत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. याकोबिनेबाई दारात आल्या. अंगाने भरलेल्या, कपाळावर कायम एक आठी असलेल्या या बाईंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी एकही आठी नव्हती.

"काय म्हणालीस? कसली तंगडी?"

"मेंढीची, बाईसाहेब."

याकोबिनेबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा हेरिंगकडे बघत होता.

त्या घरात मेंढी शिजत नसे. ख्रिसमसला लोकांच्या घरी मेंढीच्या बरगड्या वाफवायला लागत आणि सगळा जिना त्या वासाने भरून जाई, तेव्हा ब्रोकांच्या घरी मासा असे. याचं कारण तीस वर्षांपूर्वीचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात याकोबिनेबाईंनी मोठ्या हौसेने वाळवलेल्या तंगडीचे पातळ काप करून नवऱ्यापुढे ठेवले, आणि नवऱ्याने पहिला घास तोंडात घालून असा उसासा टाकला की त्यांनी विचारलं, काय झालं? पुरुषाने अशा वेळी मीठ जास्त झालंय म्हणून सुटका करून घ्यावी. ब्रोकनी खरं सांगितलं. बाविसाव्या वर्षी सुटीत ते लाइपझिगच्या संगीतशाळेतून घरी आले होते. तेव्हा शहरातल्या बऱ्या घरांतले मुलगे उन्हाळ्यात देशाचा आत्मा शोधायला डोंगरात जात आणि पायाला फोड घेऊन परत येत. तसेच तेही व्हायोलिन पाठीला लावून गेले. पावसाने गाठलं म्हणून एका शेतकऱ्याकडे राहिले. त्या शेतकऱ्याची मुलगी ओशिल्ड. तिने त्यांच्यापुढे आंबट दुधाचा वाडगा ठेवला आणि म्हणाली, काय रे, शहरात खायला घालत नाहीत का? नुसता सोटा झालायस. एवढंच. पण बाविसाव्या वर्षी एवढं पुरतं, कधीकधी एवढंही लागत नाही.

घरात आठ पोरं आणि एक खोली, रियाजाला जागा नाही, म्हणून ते धबधब्याजवळच्या पाणचक्कीत जाऊन बसले. आणि तिथे ती चाल आली. आली हाच शब्द बरोबर, ब्रोकनी ती केली नव्हती. ते नुसते गज धरून बसले होते, पाण्याचा आवाज चालला होता, मनात ओशिल्ड आणि सोटा हे दोनच शब्द होते, आणि बोटं आपली आपण चालायला लागली. तिचा पहिला भाग पुरा झाला, पुन्हा झाला, आणखी एकदा झाला. आता दुसरा भाग सुरू करायचा म्हणून त्यांनी गज उचलला तोच बाहेर पाऊल वाजलं. दार उघडून बघतात तो बाहेर तुषारांचं धुकं, धुक्यात पाठमोरी, अंगावर काहीतरी पांघरलेली, तोंड मुद्दाम पलीकडे फिरवून चाललेली एक आकृती, आणि उंबऱ्यात मेंढीची तंगडी. आकृती जरा रुंद वाटली खरी, पण ओशिल्ड काही काडी नव्हती. आणि ते फिरवलेलं तोंड! त्या फिरवलेल्या तोंडात ब्रोकना कुमारीची सगळी लज्जा दिसली. त्यांनी व्हायोलिन खाली ठेवलं आणि ती तंगडी खाल्ली. शेवटच्या तंतूपर्यंत खाल्ली, कारण त्यातलं काही टाकणं त्यांना पाप वाटलं. तंगडी इतकी खारट होती की दर चार घासांनी उठून ओंजळीने धबधब्याचं पाणी प्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी अंगणात ओशिल्ड भेटली तेव्हा छातीवर हात ठेवून ते म्हणाले, मिळालं मला. ती म्हणाली, बरं झालं. त्यांचे मोजे तिने चुलीवर वाळत घातले होते, त्याबद्दल ती बोलत होती असं आता, या स्वयंपाकघरात उभं असताना, ब्रोकना वाटायला लागलं. त्या वेळी नव्हतं वाटलं. तेव्हा ते त्या तंगडीला लायक होण्यासाठी तडक लाइपझिगला गेले, आणि पानं गळायच्या आत ओशिल्डने एका लाकूडवाल्याशी लग्न केलं. पुढे ब्रोकनी जेवढी प्रेमगीतं लिहिली ती सगळी तिच्यावर. त्यांच्या पाठीशी तंगडी होती. आयुष्यात एकदा आपल्या हातून अस्सल काहीतरी निघालं आणि तत्क्षणी त्याला पोच मिळाली, या एका आधारावर त्यांनी अडतीस वर्षं संगीत लिहिलं होतं.

"म्हणजे तो बाप्या होता," याकोबिनेबाई म्हणाल्या. मग त्या सरपणाच्या पेटीवर बसल्या आणि हसायला लागल्या. बाईंना हसताना बेर्गितने अजून पाहिलं नव्हतं, ती घाबरून पाणी आणायला धावली. "तीस वर्षं! तीस वर्षं मी एका दाढीवाल्या शेतकऱ्याचा हेवा केला, ब्रोक! त्याच्यापायी मी ख्रिसमसला मासा खाल्ला!"

"त्याला तेव्हा दाढी होती का हे आपल्याला माहीत नाही," ब्रोक म्हणाले, आणि अर्धी दाढी घेऊन आत गेले.

त्यानंतरचे काही दिवस ते शहरात नुसते भटकत राहिले. कार्ल योहान रस्त्यावरून राजवाड्यापर्यंत जायचं, तिथून वळून बंदरावर यायचं, मासे विकणाऱ्या बायकांच्या शिव्या ऐकायच्या आणि परत वर जायचं. ओळखीचे लोक टोप्या उचलत, साठीचं अभिनंदन करत, आणि ब्रोक त्यांच्या चेहऱ्यात एकच गोष्ट शोधत: हा तेलेमार्कचा तर नाही ना? भानगड अशी की शहर तेलेमार्कच्या माणसांनी भरलं होतं. विद्यार्थी, शिक्षक, संसदेतले शेतकरी, सगळे शनिवारी मैफलीची तिकिटं काढून येणार, आणि तिसरा भाग सुरू झाला की पहिल्याच ओळीला एकमेकांना कोपराने ढोसणार. अहो, ही तर आपली लग्नातली! दुसऱ्या कुणा संगीतकाराचं यात काही बिघडलं नसतं. बाकीचे सगळे उन्हाळ्यात डोंगरात जात, फिडलवाल्यांना ब्रँडी पाजून त्यांच्या चाली टिपून आणत, त्यांना काळा कोट घालून शहरात वाजवत, आणि देशाचा आवाज म्हणवून घेत. ब्रोक यांनी हे कधी केलं नव्हतं. त्यामुळे टीकाकार लिहीत की यांच्या संगीताला लाइपझिगच्या बिअरचा वास येतो, त्यात पाइनचं एक झाड दिसत नाही. एका मेजवानीत कुणीतरी हे तोंडावर बोललं तेव्हा ब्रोक उठून म्हणाले होते, मी जन्मात एकही सूर कुणाच्या परसातून उचललेला नाही. हे वाक्य वर्तमानपत्रात छापून आलं होतं. याकोबिनेबाईंनी ते कापून ठेवलं नव्हतं, पण टीकाकारांच्या लक्षात होतं. म्हणजे शनिवारी रात्री ब्रोक चोर ठरणार होते, आणि चोरी कसली, तर स्वतःच्या घरातली.

पण खरं बोचत होतं ते वेगळंच, आणि ते काय हे चालताना त्यांना नीट पकडता येत नव्हतं. बेर्गित चाल गुणगुणायची ती पहिल्या भागाच्या शेवटी यायची आणि पुन्हा सुरुवातीला जायची. पुढे काही नाही. त्यांच्याजवळही पुढे काही नव्हतं. दुसरा भाग त्यांनी लिहिला होता, आत्ता, सिम्फनीसाठी, टेबलाशी बसून, कॉफी पिऊन, सगळे नियम पाळून. तालमीत तो वाजला की वादकांना हुशारी यायची, कारण तो सोपा होता. ब्रोक मनातल्या मनात त्याला शेपूट म्हणत. पहिल्या भागात धबधब्याचं पाणी आणि मागून हे लाइपझिगचं शेपूट. दर वेळी ते स्वतःला सांगत आले होते की दुसरा भाग तेव्हाच आला असता, गज उचललाच होता, एवढ्यात प्रेम दारात आलं, म्हणून राहिला. प्रेमासाठी चाल अर्धी राहिली यात शोभा होती. पण एका शेतकऱ्याच्या मेंढीसाठी?

"एवढा जीव कशाला जाळताय?" याकोबिनेबाई जेवताना म्हणाल्या. "कागदावर लिहून टाका, वरच्या दरीतलं लोकगीत म्हणून. सगळे खूश होतील. पाइनचं झाड दिसलं म्हणतील एकदाचं."

"ते माझं आहे!"

"मग उभं राहून सांगा, मीच तो ग्रीम."

"कोण विश्वास ठेवेल?"

"मी ठेवीन. जेवणावरून."

ब्रोकनी काटा खाली ठेवला. बायकोची थट्टा कधीकधी माणसाला उपयोगी पडते, ती तशी पडू नये अशी तिची इच्छा असली तरी. विश्वास ठेवणारा माणूस एक होता. ज्याने कानांनी ऐकलं, तो अजून जिवंत होता. त्या तोर्केलला इथे आणायचं, बैठकीत बसवायचं, पाण्याची, चक्कीची, गुरुवारची आठवण द्यायची, आणि समोर उभं राहून वाजवायचं. म्हातारा ओळखेल, ओरडेल, हाच तो हात! मग त्याला शनिवारी सगळ्यांसमोर उभं करायचं, टीकाकार लोकांना पुढच्या रांगेत बसवून. ब्रोकनी त्याच दिवशी बेर्गितकडून आज्ज्याला निरोप धाडवला, आगबोटीच्या भाड्यासकट.

"आणताय खरं," याकोबिनेबाई म्हणाल्या. "पण तो काय घेऊन येईल ते तुम्हाला कुठे माहीत आहे?"

तोर्केल स्कीन बंदराहून आगबोटीने आला तो मैफलीच्या आदल्या दिवशी दुपारी. दाढी होती, पांढरी. फिडलची पेटी त्याने काखेत धरली होती आणि ती तो कुणाच्या हातात देईना. बैठकीतल्या मखमली कोचाकडे त्याने बघितलं, कुणाच्या तरी प्रेताची जागा असावी तसा त्याला वळसा घातला, आणि शेगडीजवळच्या लाकडी ठोकळ्यावर बसला. याकोबिनेबाईंनी कॉफी दिली. त्याने साखरेचा खडा दातांत धरला, कॉफी बशीत ओतली आणि आवाज करत प्यायला.

"तूच का तो?" तो ब्रोकना म्हणाला.

ब्रोकच्या अंगातून वीज गेली. "कोण?"

"मैफलवाला. पोरगी सांगत होती, ग्रीमची चाल तुझ्याकडंपण आहे म्हणून."

"आहे." ब्रोकनी व्हायोलिन उचललं. साठाव्या वर्षी पहिली परीक्षा असावी तसं ते हनुवटीखाली नीट बसवलं. "तेच तुम्हाला ऐकवायचंय. ऐका आणि सांगा, कुणाचा हात आहे."

"थांब जरा." तोर्केलने बशी खाली ठेवली. "आधी मला विचारू दे. मी त्यासाठीच आलोय, नाहीतर या वयात बोटीत बसून ओकायची हौस नाही मला. चाल तुझ्याकडं असली तर असू दे, माझी थोडीच आहे? ज्यानं मला दिली तो तुलाही देऊ शकतो. पण त्यानं तुला पुढचं दिलं का?"

"पुढचं?"

"अर्धीच आहे ना ती. तुला ठाऊक असणारच." म्हातारा पुढे झुकला. आवाज एकदम खाली आला, कबुली देणाऱ्या माणसासारखा. "सांगतो. त्या वर्षी घरात दोन तंगड्या होत्या. एक चांगली, चरबीची. एक आदल्या वर्षीची, नुसतं मीठ आणि हाड. मी पळत घरी गेलो, आणि हातात आली ती चांगली. आणि मी ती परत टांगली, बाबा. ख्रिसमसला राहू दे म्हटलं. जुनी घेतली. ग्रीमला वाईट मांस दिलं की तो अर्धवट शिकवतो, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मी तंगडी ठेवली आणि तो वाजवायचा थांबला. तिथंच. एक सूर पुढं नाही. दरीत कुणाचं लग्न असलं की मी चर्चकडं जाणाऱ्या वरातीच्या पुढं चालतो, ही वाजवतो, बायका रडतात, नवरीची आई रडते. आणि मला काय वाटतं माहीत आहे? मला वाटतं, तोर्केल, तुझ्या चिकटपणापायी हे अर्धं राहिलं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही मी. ती गेली."

बेर्गित दारात उभी होती. याकोबिनेबाईंच्या हातात कॉफीचं भांडं होतं आणि त्या ते तसंच धरून होत्या. ब्रोक यांच्या खांद्यावर व्हायोलिन होतं, गज उचललेला होता, अगदी तेव्हासारखा. एक ओळ वाजवली की झालं. हाच तो हात. पण मग हाही म्हातारा उद्यापासून असा माणूस ठरायचा, ज्याने एका उपाशी विद्यार्थ्याला धबधब्यातला देव समजून शिळं मांस खाऊ घातलं, आणि दरीत लग्नं व्हायची त्यात बायका रडायच्याऐवजी हसायच्या. ब्रोकना ते हसणं ऐकू आलं. गेल्या काही दिवसांत त्यांनी स्वतःच्या घरात ते पुरेसं ऐकलं होतं.

त्यांनी व्हायोलिन खाली ठेवलं.

"मांस चांगलं होतं," ते म्हणाले.

"तुला काय ठाऊक?"

"तोच मला म्हणाला. फार चांगलं होतं म्हणाला. खारट अजिबात नव्हतं."

याकोबिनेबाईंच्या हातातल्या भांड्याचं झाकण वाजलं.

"मग थांबला का?"

"त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणीतरी ठेवलंय. तो तिकडे बघायला गेला."

तोर्केलने यावर बराच विचार केला. "बाईनं?"

"हो."

"म्हणजे पाण्यातलेपण तसलेच!" म्हातारा खो खो हसला, गुडघ्यावर थाप मारली. "गाढव! अरे, त्या तंगडीचा वास मैलभर जात होता, कुठली बाई असली तंगडी देईल?" मग हसणं थांबलं. "पण परत का नाही आला? पुढच्या गुरुवारी मी जाऊन बसलो होतो. चांगली तंगडी घेऊन. त्याच्या पुढच्या गुरुवारीसुद्धा. बर्फ पडेस्तोवर बसलो मी तिथं झुडपांत. कान लावून."

ब्रोक खिडकीकडे गेले. खाली रस्त्यावर घोड्यांची ट्रॅम चालली होती, एक बाई कोबी निवडत होती, आणि त्यांना एकाएकी ते सगळं दिसेनासं झालं. बर्फ पडेपर्यंत. लाइपझिगात ते त्या वेळी भाड्याच्या खोलीत ओशिल्डवर गाणी लिहीत होते, ज्या गाण्यांना पुढे दहा-बारा माणसांनी हातमोज्यांतून टाळ्या वाजवल्या. आणि इकडे झुडपांत एक माणूस बसला होता. जन्मभर ज्याच्यासाठी लिहावं असा एकच ऐकणारा, आणि तो मांस घेऊन बसला होता, आणि ब्रोक त्याच्याकडे पाठ फिरवून निघून गेले होते. अडतीस वर्षांत त्यांनी या गोष्टीचं जे जे काही केलं होतं, प्रेम, लज्जा, शोभा, ते सगळं गळून गेलं, आणि खाली जे साधं वाक्य उरलं ते त्यांना आजवर कधी दिसलं नव्हतं.

"सांगा ना त्यांना," मागून याकोबिनेबाई म्हणाल्या. आवाजात थट्टा नव्हती.

"त्याला पुढचं येत नव्हतं," ब्रोक म्हणाले. "गज उचलला होता, पण त्याच्याजवळ पुढे काही नव्हतंच. मांस आलं नसतं तरी तो तिथेच थांबला असता."

तोर्केलने ब्रोकच्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. काय समजायचं ते तो समजला की नाही हे ब्रोकना पुढे कधीच कळलं नाही.

"असं होय," म्हातारा म्हणाला. त्याने मोठा श्वास सोडला, आणि तो श्वास फार वर्षांचा होता. "मग हरकत नाही. मला वाटलं मांस. बाई, अजून कॉफी आहे का?"

कॉफी होती. ती ओतून झाल्यावर ब्रोक त्याच्यासमोर, मखमली कोच सोडून, जमिनीवर बसले. "मग लग्नात तुम्ही ही संपवता कुठे?"

"संपवायची कशाला? फिरून फिरून वाजवायची. चर्चचं दार आलं की थांबायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत ब्रोकनी शेपूट कापलं. वादकांना सांगितलं, पहिला भाग फिरून फिरून वाजवायचा, मी हात खाली आणेपर्यंत. किती वेळा, असं क्लॅरिनेटवाल्याने विचारलं. मला माहीत नाही, ब्रोक म्हणाले, आणि वादकांनी एकमेकांकडे बघितलं: यांना साठी लागली. कार्यक्रमाच्या कागदावर त्यांनी तिसऱ्या भागापुढे छापून घेतलं: वरच्या दरीतली चाल, तोर्केल यांनी धबधब्यापाशी ऐकलेली, कर्ता अज्ञात.

संध्याकाळी लॉजचं सभागृह भरलं होतं. वरच्या सज्जात तोर्केल आणि बेर्गित बसले होते. तिसरा भाग सुरू झाला आणि अपेक्षेप्रमाणे पहिल्याच ओळीला तेलेमार्कची माणसं एकमेकांना ढोसायला लागली, पण ती हसत होती, आणि एका शिक्षकाने रुमाल काढला. चाल फिरली. पुन्हा फिरली. ब्रोकना बरं वाटत होतं, इतकं बरं त्यांना मैफलीत कधी वाटलं नव्हतं, आणि मग सहाव्या की सातव्या फेऱ्याला त्यांच्या ध्यानात आलं की इथे चर्च नाही. दार कुठेच नाही. क्लॅरिनेटवाला लाल झाला होता. व्हायोलिनवाल्यांच्या डोळ्यांत आता राग नव्हता, दया होती. ब्रोक हात फिरवत राहिले. सज्जाकडे बघितलं, म्हातारा डोळे मिटून बसला होता. टीकाकारांकडे बघितलं, ते लिहीत होते. शेवटी त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. तिथे याकोबिनेबाई होत्या. प्रवचन असो, ऑपेरा असो, कुणाची प्रेतयात्रा असो, सगळं संपायच्या जरा आधी बाईंना आपोआप कळतं आणि त्या निघायच्या तयारीला लागतात. या सवयीवर ब्रोक तीस वर्षं चिडत आले होते. आता बाईंनी मांडीवरची शाल उचलली, झटकली, आणि खांद्यांवर ओढून घेतली.

ब्रोकनी हात खाली आणला.